रोमन वाड्यांच्या जमिनी: चिचेस्टर, फिशबोर्न, बिग्नॉर

फिशबोर्न हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं, चिचेस्टरला खेटून असलेलं गाव. १९६० साली इथे पाण्याची मोठी लाइन टाकायला चर खणत असताना मशीन जुन्या बांधकामावर आदळलं. पुढची काही वर्षं बॅरी कनलिफ या तरुण पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली खोदकाम चाललं आणि त्या शेताखालून एक रोमन वाडा बाहेर आला. आल्प्सच्या उत्तरेला सापडलेलं हे रोमन काळातलं सर्वांत मोठं निवासस्थान. १९६८ मध्ये त्यावर छप्पर घालून संग्रहालय उघडलं.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इकडे बँक हॉलिडे असतो. सासू-सासरे कोल्हापूरहून आले होते, लेकीची शाळा सुरू व्हायची होती, म्हणून शनिवार-रविवार-सोमवार चिचेस्टरला मुक्काम टाकला. नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी रस्ते, मोऱ्या आणि सरकारी इमारतींवर गेली. लंडनमधले राजवाडे त्यांनी शांतपणे पाहिले होते, पण "खोदून काढलेलं काही असेल तर तिकडे जाऊ" असं ते आल्यापासून म्हणत होते.

शनिवार: चिचेस्टर

लंडन व्हिक्टोरियाहून चिचेस्टरला थेट गाडी आहे, साधारण दीड तास लागतो. गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपली, आणि दुपारी आम्ही गावात.

चिचेस्टर म्हणजे रोमनांचं नोव्हिओमॅगस. गावाचा आराखडा अजून तोच आहे. चार दिशांना चार सरळ रस्ते, मध्ये चौक, भोवती तट. तटाच्या आत मूळ रोमन काम आहे, वरची दगडी बांधणी पुढच्या शतकांत अनेकदा दुरुस्त केलेली. त्यावरून चालत गावाला वळसा घालता येतो आणि हा वळसा घालाच. फुकट आहे, सपाट आहे, सत्तरीतल्या माणसांनाही झेपतो.

नॉर्थ स्ट्रीटवर नगर परिषदेची जुनी इमारत आहे. तिच्या कमानीखाली भिंतीत एक शिलालेख बसवलाय. शेजारून माणसं खरेदीच्या पिशव्या घेऊन जात होती, कोणी मान वळवत नव्हतं. हा दगड १७२३ मध्ये याच रस्त्यावर खोदकामात सापडला. डावीकडचा भाग तुटलेला. त्यावर लिहिलंय की नेपच्यून आणि मिनर्व्हा या देवतांचं हे मंदिर, राजा तिबेरियस क्लॉडियस तोगिदुब्नस याच्या अधिकाराने, कारागिरांच्या संघाने स्वखर्चाने उभारलं. तोगिदुब्नस हा इथलाच, ब्रिटिश टोळीचा राजा. इसवी सन ४३ मध्ये रोमन फौजा उतरल्या तेव्हा तो त्यांच्या बाजूने राहिला, त्याचं राज्य टिकलं आणि सम्राट क्लॉडियसचं नाव त्याच्या नावात आलं. टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही त्याचा उल्लेख केलाय. फिशबोर्नचा वाडा त्याचाच असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

मला मात्र राजापेक्षा तो कारागिरांचा संघ जास्त भावला. साधारण त्याच सुमाराला आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने कोरून ठेवलंय की विणकरांच्या श्रेण्यांकडे ३००० कार्षापणं ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंची सोय लावली. इथे कारागीर स्वतःच्या पैशाने देऊळ बांधतायत, तिथे राजघराण्याचा जावई विणकरांकडे पैसे सोपवतोय. हातावर पोट असलेल्या माणसांच्या संघटनांची एवढी पत होती आणि तिची नोंद दगडात राहिली, हे वाचून मला फार बरं वाटतं.

नेपच्यूनचं नाव ऐकल्यावर आई म्हणाल्या, "म्हणजे टाऊन हॉलातला तोच ना?" कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची छोटी काशाची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली, रोमन व्यापारातून आलेली. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव आणि नेपच्यून हा रोमनांचा, दोघे एकच धरले जातात. आमच्या घरातल्या प्रत्येकाने शाळेच्या सहलीत ती मूर्ती पाहिलीय. नानांनी शिलालेखासमोर उभं राहून लेकीला ब्रह्मपुरीची सगळी हकिकत सांगितली आणि एक वयस्कर इंग्लिश जोडपं एक शब्द कळत नसताना थांबून ऐकत राहिलं. मग मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं या दगडाशेजारून जातेय, तो काय म्हणतो ते आज कळलं.

संध्याकाळी कॅथीड्रल. दक्षिणेकडच्या बाजूला जमिनीत काच बसवलीय, तिच्यातून खाली रोमन मोझॅकचा, म्हणजे दगडाच्या बारीक तुकड्यांनी चित्र काढलेल्या फरशीचा, तुकडा दिसतो. जवळच नोव्हियम हे संग्रहालय आहे, ते तर रोमन स्नानगृहाच्या अवशेषांवरच बांधलंय आणि तिथे प्रवेश मोफत आहे. वेळ कमी असेल तर दुकानांचा वेळ कापा, पण नोव्हियम सोडू नका.

जेवायला सेल्सीचा खेकडा. सेल्सी हे जवळचंच मासेमारीचं गाव. आईंचं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे खेकड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. ब्रेडमध्ये गार खेकडा, वर नुसतं लिंबू आणि मिरपूड. त्यांनी दोन घास शांतपणे खाल्ले आणि म्हणाल्या, "मसाला नाही म्हणून गोडी कळते. ताजा आहे." आमच्या घरात यावर अपील नसतं.

रविवार: फिशबोर्न

चिचेस्टरहून फिशबोर्न हे पुढचंच स्टेशन. रविवारी गाड्या कमी असतात, वेळ आधी बघून ठेवा. स्टेशनवरून पाच-दहा मिनिटं चालायचं. रस्ता घरांमधून जातो आणि इथे राजवाडा असेल असं कुठेही वाटत नाही. वाऱ्यासोबत बारीक पाऊस तिरपा येत होता.

आधी दहा-पंधरा मिनिटांची फिल्म बघा आणि मगच आत जा. वाड्याचा पसारा डोक्यात बसल्याशिवाय पुढचं कळत नाही. मध्ये बाग, चार बाजूंना चार सोपे, शंभराच्या आसपास खोल्या. इसवी सन ७५ ते ८० च्या सुमारास बांधलेला. आज त्यातला उत्तरेचा सोपा छपराखाली आहे, पश्चिमेचा पुन्हा मातीखाली झाकून ठेवलाय आणि दक्षिणेचा आताच्या रस्त्याखाली आणि घरांखाली गेलाय.

उत्तर सोप्यात शिरलं की लाकडी पुलासारख्या वाटेवरून चालायचं, खाली खोल्या. भिंती गुडघ्याएवढ्याही उरलेल्या नाहीत. उरल्यात त्या जमिनी. सुरुवातीच्या काळातल्या काळ्या-पांढऱ्या, नुसत्या चौकोन-त्रिकोणांच्या, आणि नंतरच्या रंगीत.

नाना पहिल्याच खोलीपाशी अडले. लेक पुढे पळाली, आम्ही तिच्यामागे. मागे वळून पाहिलं तर ते कठड्यावर वाकून, मान तिरकी करून, फरशीकडे आडव्या नजरेने बघत होते.

"अगं, ही जमीन लाटांसारखी झालीय बघ. इथून असं बघ."

मी वाकले. खरंच, समोरून सपाट वाटणारी फरशी कडेने पाहिली की ठिकठिकाणी खाली गेलेली दिसत होती. चौकोनांच्या सरळ रेघा तिथे पोटात ओढल्यासारख्या वाकल्या होत्या.

"भराव खचलाय," नाना म्हणाले. "खाली आधीचं काहीतरी आहे. चर, खड्डे, काहीतरी बुजवून वर बांधलंय. माती ठोकून धुम्मस नीट झाली नाही की पाच-दहा वर्षांत हे असं होतं. आमच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात झालं होतं."

जवळच बिल्ला लावलेले एक स्वयंसेवक आजोबा उभे होते. मी भाषांतर करून सांगितलं तसे ते खुलले. अगदी बरोबर, म्हणाले. वाडा बांधण्यापूर्वी, रोमन फौजा उतरल्या त्या काळात, इथे सैन्याच्या रसदीसाठी लाकडी कोठारं होती. ती काढली, चर बुजवले आणि वर हा वाडा उठवला. बुजवलेली माती दबत गेली आणि तिच्याबरोबर फरशीही.

"यू आर अ‍ॅन आर्किऑलॉजिस्ट?" त्यांनी नानांना विचारलं.

"रोड्स अँड बिल्डिंग्ज," नाना म्हणाले.

पुढचा तास ते दोघे एकमेकांना सोडेनात. नानांचं इंग्रजी सरकारी टिपणीचं, स्वयंसेवक आजोबांचं ससेक्सचं, पण काहीही अडलं नाही. एका खोलीत मोझॅक नव्हतं, गुलाबीसर कोबा होता. नाना म्हणाले, "चुन्यात विटांची भुकटी घातलीय. सुरखी!" आणि मला म्हणाले, "यांना सांग, आमच्याकडे धरणं आणि टाक्या याच मालात बांधल्यात. सुरखी घातली की चुना पाण्यातही धरतो." रोमन कोब्याचं तंत्र हेच: चुना आणि फोडलेली कौलं, म्हणून ओलीत टिकणारा. सिमेंट येण्याआधीची सगळी बांधकामं नानांनी दुरुस्तीच्या निमित्ताने हातात घेतली होती. इथे सुरखी दिसल्यावर त्यांचा चेहरा आपलं माणूस भेटल्यावर होतो तसा झाला.

मग आम्ही ज्यासाठी लोक येतात त्या खोलीपाशी पोचलो. डॉल्फिनवर बसलेला क्यूपिड, म्हणजे रोमनांचा बाल प्रेमदेव, पाठीला पंख, हातात त्रिशूळ. त्याच्या चार बाजूंच्या अर्धवर्तुळांत समुद्री घोडे आणि समुद्री बिबटे, पुढचं अंग जनावराचं आणि मागे माशाची शेपटी. कोपऱ्यांत शिंपले. हे दुसऱ्या शतकाच्या मध्यातलं काम, म्हणजे मूळ वाड्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी जुन्या जमिनीवर नवी घातलेली. खालची जुनी, तटबंदीच्या चित्राची जमीन नंतर सापडली आणि तीही काढून जपलीय.

जवळून बघा. एकेक दगड बोटाच्या नखाएवढा, काही त्याहूनही लहान. पांढरा खडूच्या जातीच्या दगडाचा, लाल मात्र दगडच नाही: भाजलेली कौलं फोडून केलेले तुकडे. डॉल्फिनच्या पाठीचा बाक बघा. तिथे दगडांच्या ओळी सरळ नाहीत, त्या बाकाबरोबर वळतात, म्हणून अंग गोल दिसतं. ज्याने हे केलं त्याला रेघ कुठे वळवायची ते पक्कं ठाऊक होतं.

आणि एक पक्षी आहे. भोवतीच्या वेलबुट्टीच्या पट्ट्यात, एका फांदीवर, छोटासा काळा. बाकी पट्ट्यात कुठेच पक्षी नाही. ही कारागिराची खूण असावी असं मानतात. स्वयंसेवक आजोबा मुलांना तो कुठे आहे ते सांगत नाहीत, नुसतं "शोध" म्हणतात. लेकीला सापडला तेव्हा ती एवढ्या मोठ्याने ओरडली की त्या बाजूची सगळी माणसं तिच्याभोवती जमली आणि तिने प्रत्येकाला बोटाने दाखवला. वाडा कोणाचा होता यावर अजून चर्चा चालते, राजाचं नाव तुटक्या दगडावरून जुळवावं लागतं. हा माणूस मात्र सही करून गेलाय.

शेवटच्या खोल्यांत आग दिसते. इसवी सन २७० च्या सुमारास वाडा जळाला. जमिनीवर भाजल्याचे लालसर-काळे डाग आहेत, छपरावरचं शिसं वितळून खाली ओघळलेलं. त्या वेळी इथे जमिनीखालून गरम हवा खेळवायची नवी व्यवस्था बांधायचं काम चालू होतं, ते अर्धवटच राहिलं. नाना त्या अर्धवट कामापाशी बराच वेळ होते. आगीनंतर वाडा कोणी पुन्हा उभारला नाही, दगड लोकांनी उचलून नेले. नंतर कधीतरी इथे माणसं पुरली, त्यासाठी चक्क मोझॅक फोडून खड्डे केले. त्यातला एक सांगाडा तिथेच ठेवलाय. लहान मुलं बरोबर असतील तर आधी सांगून ठेवा.

पाऊस थांबल्यावर बागेत गेलो. माझ्या मते फिशबोर्नची ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि लोक घाईत तिला टाळतात. इथली मूळ माती चिकण आणि खडीची, म्हणून रोमन माळ्यांनी कुंपणाच्या रेषेत चर खणून त्यात चांगली माती भरली. खोदकामात त्या चरांचा वेगळा रंग दिसला आणि त्यावरून बागेचा नकाशाच हाती आला. आज बॉक्स नावाच्या झुडपाची कुंपणं लावलीत ती त्याच नक्षीत, मध्ये कोनाडे ठेवत गेलेली. शेजारी त्या काळातल्या भाज्या आणि औषधी झाडांचा वाफा आहे. आईंनी बडीशेप आणि कोथिंबीर वासावरून ओळखली. कोथिंबीर या देशात रोमनांनी आणली असं वाचल्यावर त्या म्हणाल्या, "चला, एक तरी शहाणपणाचं काम केलं."

दुपारी तिथल्याच कॅफेत सूप आणि स्कोन. मग मुख्य रस्ता ओलांडून मिल लेनने खाली गेलो. बदकांचं तळं, त्यापुढे बोरूची बेटं आणि मग खाडी. ओहोटी होती. नजर जाईल तिथपर्यंत करडा चिखल, त्यात पाण्याच्या बारीक वाटा आणि चिखलात चोची खुपसणारे पक्षी. त्या काळी समुद्राचं पाणी वाड्याच्या दक्षिणेकडच्या बागेपर्यंत यायचं. वाड्यात बसवलेला इटली आणि ग्रीसकडचा रंगीत संगमरवर याच वाटेने बोटींतून आला असणार. आई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "खाजण आहे हे आमच्यासारखं. भरतीला होडी घरापर्यंत येत असेल." संग्रहालयातल्या नकाशावर मला जे नीट कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं. भरतीच्या वेळा बघून जा. दोन्ही वेळी सुंदर आहे, पण पूर्ण भरतीला काही पायवाटा पाण्याखाली जातात.

सोमवार: बिग्नॉर

हा दिवस सुरुवातीलाच घसरला. बिग्नॉर हे आणखी एका रोमन वाड्याचं गाव. तिथे स्टेशन नाही, म्हणून आदल्या आठवड्यात टॅक्सी ठरवली होती, ती आलीच नाही. फोन उचलेनात. आम्ही राहिलो त्या घराच्या मालकीणबाईंनी अर्धा तास आमची घालमेल पाहिली आणि ओळखीच्या एका गाडीवाल्या काकांना बोलावलं. काका निवृत्त शेतकरी निघाले. त्यांना बिग्नॉरचा प्रत्येक बांध माहीत होता, त्यामुळे टॅक्सी आली नाही तेच बरं झालं.

ते आधी आम्हाला बिग्नॉर हिलवर घेऊन गेले. वर लाकडी दिशादर्शक खांब आहे, त्यावर लिहिलंय लोंदिनिअम आणि नोव्हिओमॅगस. लंडन आणि चिचेस्टर. इथूनच रोमनांचा स्टेन स्ट्रीट हा रस्ता जातो आणि गवतात त्याचा बांध अजून उंच दिसतो. नाना त्या बांधावर चढले, मधोमध उभे राहिले आणि दोन्ही बाजूंचा उतार दाखवून म्हणाले, "कँबर बघा. पाणी थांबायला नको म्हणून मध्ये उंच. आम्हीही असाच करतो." शेतकरी काकांनी चालताना बाजूच्या चराकडे बोट दाखवलं. पाणी तिकडे जायचं.

बिग्नॉरची गोष्ट फिशबोर्नच्या दीडशे वर्षं आधीची. १८११ च्या जुलैत जॉर्ज टपर या शेतकऱ्याचा नांगर दगडाला अडला आणि खाली मोझॅक निघालं. १८१४ पासून लोकांना बघायला खुलं आहे आणि अजून त्याच टपर कुटुंबाकडे आहे. मोझॅकवर तेव्हा बांधलेल्या गवती छपरांच्या बुटक्या खोल्या आजही उभ्या आहेत. आत काळोख, चुन्याचा वास, आणि डोळे सरावले की जमीन उजळत जाते.

पहिल्याच खोलीत गरुड ग्रीक कथेतल्या गॅनिमीड या पोराला उचलून नेतोय. पोराच्या डोक्यावर लाल टोपी, हातात मेंढपाळाची काठी. दुसरीकडे चोवीस मीटर लांब सलग पट्टा, व्हरांड्याचा. एका कोपऱ्यात हिवाळा: डोक्यावरून घोंगडं ओढलेली बाई, खांद्यावर निष्पर्ण डहाळी. चेहऱ्यावर इतका गारठा आहे की आईंनी ऑगस्टात शाल घट्ट केली.

मला सर्वांत आवडली ती व्हीनसची, रोमनांच्या प्रेमदेवतेची खोली. वर तिचा चेहरा, मागे प्रभावळ, दोन बाजूंना लांब शेपटीचे पक्षी. खाली पट्ट्यात पंखवाली बाळं ग्लॅडिएटर होऊन लढतायत, एकाच्या हातात जाळं टाकणाऱ्याचा त्रिशूळ. आणि या खोलीची जमीन एका बाजूला कोसळलेली आहे, त्यामुळे आतलं सगळं उघडं पडलंय. कौलांचे चौकोनी खांब, त्यांवर मोठ्या फरशा, त्यावर चुन्याचा जाड थर आणि सगळ्यात वर ते चित्र. बाहेरच्या भट्टीची गरम हवा या खांबांमधून फिरायची. फिशबोर्नला काम अर्धवट राहिलं होतं, इथे पूर्ण झालेलं आतून दिसतं. नाना गुडघ्यावर बसून खांबांमधलं अंतर वितीने अंदाजत होते. लेक त्यांच्या शेजारी बसून वहीत खांब काढत होती आणि दर वेळी विचारत होती, "आजोबा, आता याच्यावर काय?"

दोन्ही ठिकाणं एकाच सहलीत केली तर आधी फिशबोर्न आणि मग बिग्नॉर. फिशबोर्नला सगळं समजावून सांगितलेलं आहे, बिग्नॉरला फलक कमी आहेत, पण तोवर तुमचे डोळे तयार झालेले असतात. बिग्नॉर हिवाळ्यात बंद असतं, वसंत ते शरद एवढंच उघडं. जवळची स्टेशनं अँबर्ली आणि पुलबरो, तिथून पुढे स्वतःची सोय करावी लागते आणि परतीची गाडी आधी पक्की करा. आत थंड असतं, ज्येष्ठांना एक उबदार कपडा न्या. चित्रं काढणारं मूल बरोबर असेल तर दोन तास हाताशी ठेवा, आम्हाला तेवढे लागले आणि शेवटी शेतकरी काकाच लेकीची वही बघत बाकावर बसून राहिले.